अश्रू गोड झाले तर?

हिवाळ्यात कधी नंदुरबारला आलात, तर गावाबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्या अवश्य पाहा. मोकळ्या जमिनीवर दूरवर लाल मिरची वाळत घातलेली असते. तोंडाला फडके बांधलेल्या बाया आणि गडी ती खालीवर करीत असतात. देखावा मोठा सुंदर. पण वारा आपल्या दिशेने आला, की दोन मिनिटांत नाक हुळहुळते आणि डोळ्यांतून धारा लागतात. मिरचीतील कॅप्सेसीन हे द्रव्य डोळ्याच्या पृष्ठभागावरील चेतातंतूंची टोके चेतवते, तो निरोप मेंदूकडे जातो आणि मेंदूच्या हुकमाने अश्रुग्रंथी पाणी सोडते. डोळ्यात गेलेला उपद्रव धुऊन काढण्याची ही सोय आहे.

माझे काका मात्र पथारीच्या कडेने अगदी कोरड्या डोळ्यांनी चालत जात. जन्म मिरचीच्या व्यापारात गेला, म्हणून सवय झाली असेल, असे आम्ही समजत असू. काकांना बारा-तेरा वर्षांपासून मधुमेह होता. पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. पण शस्त्रक्रियेला ते तयार होईनात. "शुगरवाल्याचा डोळा पिकतो. आमच्या गल्लीत एकाचा पिकला होता," एवढेच ते म्हणत. अशी दोन वर्षे गेली. नातवाचा चेहरा ते हाताने चाचपून ओळखू लागले.

त्याच सुमारास अकरावीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने मला प्रात्यक्षिकाच्या तासाला विचारले, "सर, मधुमेह असला की अश्रूसुद्धा गोड होतात आणि त्या साखरेवर जंतू वाढतात, म्हणून डोळा पिकतो, असे माझे आजोबा सांगतात. हे खरे का?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो, डॉक्टर नाही. परंतु प्रश्न इतका नेमका होता, की तो टाळणे बरोबर नव्हते. त्यात तीन विधाने दडलेली आहेत. पहिले, अश्रूंत साखर असते व मधुमेहात ती वाढते. दुसरे, मधुमेही व्यक्तीच्या डोळ्यावर जीवाणू अधिक असतात. तिसरे, दुसरी गोष्ट पहिलीमुळे घडते. ही तीन विधाने वेगवेगळी तपासायला हवीत. चला, आपण तसेच करू.

डोळ्यावरील बिनबोलावलेले पाहुणे

आरशासमोर उभे राहून खालची पापणी हलकेच खाली ओढा. आत गुलाबी, ओले, चकचकीत अस्तर दिसते. हेच अस्तर मागे वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पसरलेले असते. त्याला नेत्रश्लेष्मल पटल म्हणतात. मध्यभागी काळ्या-तपकिरी वर्तुळासमोर घड्याळाच्या काचेसारखे जे पारदर्शक आवरण असते, ते पारपटल. हे दोन मिळून डोळ्याचा उघडा पृष्ठभाग होतो.

या पृष्ठभागावर निरोगी माणसातही जीवाणू असतात. होय, तुमच्या डोळ्यांवर आत्ता, हे वाचत असताना आहेत! त्यांत स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस या गोल जीवाणूचा नंबर बहुधा पहिला असतो. त्याचे खरे घर म्हणजे आपली त्वचा. पापण्यांच्या कडांवरून तो डोळ्यात येतो. त्याच्याबरोबर कोरिनेबॅक्टेरियम आणि मुरमांशी ज्याचे नाव जोडले गेले आहे तो क्युटिबॅक्टेरियम हेही सापडतात. यांतील एक गोल जीवाणू सुमारे एक मायक्रोमीटर व्यासाचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याच्या केसाच्या जाडीवर असे साठ-सत्तर जीवाणू एका ओळीत मावतील.

एरवी हे पाहुणे काही त्रास देत नाहीत. त्यांची संख्याही थोडी असते. तोंडाच्या आतील अस्तरावर जेवढे जीवाणू सापडतात, त्यांच्या मानाने डोळ्याच्या पृष्ठभागावर शंभर पटींहूनही कमी असतात. येथे खरा प्रश्न उभा राहतो. डोळा तर सदैव उघडा, ओला आणि उबदार. धूळ, वारा, बोटे, उपरण्याचे टोक, सारे त्याला लागते. मग तेथे जीवाणूंची इतकी टंचाई का?

फ्लेमिंग आणि लिंबाची साल

या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर लंडनमध्ये मिळाले. १९२१ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दी झाली होती. त्यांनी आपल्या नाकातील स्राव जीवाणूंच्या संवर्धनावर घालून पाहिला, तेव्हा त्या स्रावाच्या आसपासचे जीवाणू विरघळून गेल्याचे दिसले. मग त्यांनी लाळ, अंड्याचा पांढरा बलक आणि अश्रू असे नाना पदार्थ तपासले. अश्रू मिळवायचे कसे? प्रयोगशाळेतील मंडळींच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस पिळून! अश्रूंत हा गुण भरपूर असल्याचे आढळले. १९२२ साली फ्लेमिंग यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जीवाणूंची भित्तिका फोडणाऱ्या या विकराला लायसोझाइम असे नाव पडले. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर सहा वर्षांनी, १९२८ साली लागला.

अश्रूंत आणखीही पहारेकरी आहेत. लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन लोहाचे अणू पकडून ठेवते. वाढण्यासाठी बहुतेक जीवाणूंना लोह लागतेच. ते मिळाले नाही, की त्यांची वाढ खुंटते. शिवाय प्रतिपिंडे असतात. ती जीवाणूंना चिकटतात व त्यांना पृष्ठभागावर पाय रोवू देत नाहीत.

परंतु सगळ्यांत साधा पहारेकरी आपण विसरतो. तो म्हणजे वाहते पाणी. त्याचा हिशेब आपण मांडू शकतो, आणि येथे पदार्थविज्ञान उपयोगी पडते.

धुण्याचा हिशेब

एका डोळ्यावर एरवी सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रू असतात. १ मिलिलिटरमध्ये १००० मायक्रोलिटर होतात. तेव्हा हे पाणी डोळ्याच्या औषधाच्या बाटलीतून पडणाऱ्या एका थेंबाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकेच. पण ते साचलेले नसते. अश्रुग्रंथी नवे पाणी सोडते, पापण्यांची उघडझाप ते पसरवते आणि नाकाकडील कोपऱ्यात असलेल्या बारीक छिद्रांतून जुने पाणी नाकात उतरते. (रडताना नाक का वाहते, ते यावरून कळेल.) दर मिनिटाला साधारण १६ टक्के अश्रू बदलले जातात.

आता समजा, डोळ्यात १०० जीवाणू पडले व ते अश्रूंत मोकळे तरंगत आहेत. एका मिनिटानंतर ८४ उरतील. दुसऱ्या मिनिटानंतर ८४ चे ८४ टक्के, म्हणजे सुमारे ७१. तिसऱ्यानंतर ५९. चौथ्यानंतर ५०. दर चार मिनिटांनी संख्या निम्मी! किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा अर्धायुकाल तुम्ही शिकला असाल. तोच नियम येथे लागू पडतो.

जीवाणू स्वस्थ बसत नाहीत, ते दुभागून वाढतात, हे खरे. उत्तम खाऊ-पिऊ घातलेला जीवाणू २० मिनिटांत एकाचे दोन होऊ शकतो. त्याला ही सवलत देऊन पाहू. २० मिनिटांत धुण्यामुळे १०० पैकी सुमारे ३ उरतात. त्यांची दुप्पट केली तरी ६. म्हणजे जीवाणूने कितीही घाई केली, तरी वाहते पाणी त्याच्यापुढे धावते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. समजा काही कारणाने अश्रूंचा प्रवाह निम्मा झाला. दर मिनिटाला १६ ऐवजी ८ टक्केच पाणी बदलते. मग २० मिनिटांत १०० पैकी सुमारे १९ उरतील व दुपटीने ३८ होतील. प्रवाह निम्मा झाला; उरलेले जीवाणू दुप्पट नव्हे, सहापट झाले. हा आकडा लक्षात ठेवा. आपल्याला तो पुढे लागणार आहे.

हा हिशेब मोकळ्या जीवाणूंचा आहे. काही जीवाणू पृष्ठभागाला चिकटतात. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस तर आपल्याभोवती चिकट थर तयार करण्यात पटाईत आहे. ते इतक्या सहजी धुतले जात नाहीत. म्हणूनच पाहुणे कधीच शून्यावर येत नाहीत. पण चिकटण्यासाठी आधी टिकून राहायला हवे, आणि तेवढा वेळ वाहते पाणी त्यांना देत नाही.

अश्रूंत साखर किती?

आता पहिल्या विधानाकडे वळू. अश्रूंत ग्लुकोज असते, ही गोष्ट खरी आहे. मधुमेहात रक्तातील साखर वाढली की अश्रूंतीलही वाढते, हेही खरे. पण प्रमाण पाहा. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुकोज असते. १२६ किंवा त्याहून अधिक असेल, तर डॉक्टर मधुमेहाचा विचार करतात. अश्रूंतील ग्लुकोज याच्या दहाव्या भागाहूनही सहसा कमी भरते. जिभेला त्याची गोडी मुळीच कळणार नाही. अश्रू खारटच लागतात, मधुमेह असो वा नसो.

तरीही जीवाणूच्या दृष्टीने ही साखर किती होते? निरोगी माणसाच्या अश्रूंत १०० मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम ग्लुकोज आहे, असे धरू. मग ७ मायक्रोलिटरमध्ये ०.३५ मायक्रोग्रॅम झाले. एका जीवाणूचे वजन साधारण १ पिकोग्रॅमच्या आसपास. (१ मायक्रोग्रॅम म्हणजे १० लाख पिकोग्रॅम.) भागाकार करा. निरोगी डोळ्यावरील एवढ्याशा पाण्यातील साखरेचे वजन सुमारे साडेतीन लाख जीवाणूंच्या वजनाइतके भरते, आणि दर मिनिटाला त्यात नवी भर पडतच असते!

हा ढोबळ अंदाज आहे. दोन-तीन पटींचा फरक सहज पडेल. पण त्याने एक मुद्दा स्पष्ट होतो. ज्यांच्या अश्रूंत मधुमेहाची साखर नाही, त्यांच्या डोळ्यावरील जीवाणूसुद्धा साखरेवाचून उपाशी नाहीत. ज्या घरात पंगतीला पुरून उरेल इतका स्वयंपाक आधीच आहे, तेथे आणखी एक पातेले चढवले म्हणून पाहुणे वाढतील का? त्यांना अडवतात ते लोहाची टंचाई, लायसोझाइम, प्रतिपिंडे आणि वाहते पाणी. तेव्हा "साखर वाढली म्हणून जंतू वाढले" हे स्पष्टीकरण वाटते तितके सरळ नाही.

मोजून पाहिले तेव्हा

आता दुसरे विधान. मधुमेही व्यक्तींच्या डोळ्यांवर जीवाणू खरोखर अधिक आढळतात का? येथे तर्क पुरत नाही, मोजावे लागते.

पद्धत अशी. निर्जंतुक केलेला कापसाचा बोळा काडीवर घेऊन खालच्या पापणीच्या आतील अस्तरावरून हलकेच फिरवतात. तो बोळा पोषक माध्यमावर, सहसा रक्त मिसळलेल्या अगरवर टेकवतात आणि ती बशी ३७ अंश सेल्सियसला उबवणी पेटीत ठेवतात. एकेका जीवाणूपासून वाढून नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी वसाहत तयार होते. वसाहती दिसल्या, तर नमुना "वाढ असलेला". न दिसल्या, तर "वाढ नसलेला".

ब्राझीलमधील संशोधकांनी केलेला असा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १०३ मधुमेही आणि ६० मधुमेह नसलेल्या व्यक्ती होत्या. मधुमेही गटात ९४ टक्के, तर दुसऱ्या गटात ७३ टक्के नमुन्यांत वाढ झाली. माणसांच्या भाषेत सांगायचे, तर १०३ पैकी ९७ आणि ६० पैकी ४४.

हा फरक नशिबाचा खेळ असू शकेल का? आपण हिशेब करू. दोन्ही गट मिळून माणसे १६३. त्यांपैकी ज्यांच्या नमुन्यात काहीच उगवले नाही, असे ६ अधिक १६, म्हणजे २२. मधुमेहाचा काहीही संबंध नसता, तर हे २२ जण दोन गटांत माणसांच्या प्रमाणात वाटले गेले असते. मधुमेही गटात सुमारे १४ आणि दुसऱ्या गटात सुमारे ८. प्रत्यक्षात पडले ६ आणि १६. एवढी तफावत निव्वळ योगायोगाने पडण्याचा संभव हजारात एकाहूनही कमी आहे. तेव्हा फरक खरा मानायला हवा. मधुमेहाने ज्यांच्या डोळ्यातील दृष्टिपटलही बिघडलेले होते, त्यांच्यात त्वचेवरील स्टॅफिलोकोकस वर्गाचे जीवाणू अधिक वेळा सापडले, हेही या अभ्यासात दिसले.

अलीकडे आणखी एक पद्धत आली आहे. पुष्कळ जीवाणू बशीत उगवतच नाहीत. म्हणून बोळ्यावरील सर्व डीएनए काढून, जीवाणूंत सार्वत्रिक असलेल्या १६एस नावाच्या जनुकाचा क्रम वाचतात. या जनुकावरून जीवाणूंची वंशावळ मांडता येते, हे अमेरिकेतील कार्ल वूझ यांनी १९७७ साली दाखवून दिले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातही अशा पद्धतींनी जीवाणूंचा अभ्यास चालतो. या पद्धतीने पाहिले, तरी मधुमेही आणि इतर यांच्या डोळ्यांवरील जीवाणूंच्या मेळ्यात फरक दिसतो. मात्र कोणता जीवाणू किती वाढतो, याबाबत निरनिराळ्या देशांतील निष्कर्ष तंतोतंत जुळत नाहीत.

आता त्या ब्राझीलच्या आकड्यांकडे पुन्हा एकदा, उलट्या बाजूने पाहा. मधुमेह नसलेल्या दर चार माणसांमागे जवळजवळ तिघांच्या डोळ्यांवर जीवाणू उगवलेच! म्हणजे मधुमेही माणसाचा डोळा "घाण" आणि बाकीच्यांचा "स्वच्छ" अशी विभागणी मुळातच चूक आहे. फरक आहे तो कमी-अधिकाचा. मधुमेह असलेल्या माणसाला अपराध्यासारखे वाटायला लावणारी आपली बोलण्याची पद्धत या एका आकड्यापुढे टिकत नाही.

फरक दिसला, कारण कोणते?

उरले तिसरे विधान. दोन गटांत फरक दिसला, की त्याचे कारण हाती लागले असे होत नाही. शहाद्याकडील दोन शेतकऱ्यांच्या पपईच्या बागा डोळ्यांसमोर आणा. एकाने नवे खत घातले व त्याची पपई मोठी निघाली. श्रेय खताचे म्हणाल का? त्याची जमीन काळी असेल, त्याने ठिबक बसवले असेल, रोपे आधी लावली असतील. बाकी सारे सारखे ठेवून फक्त खत बदलले, तरच खताविषयी बोलता येईल.

माणसांचेही तसेच. मधुमेही गटात वयस्कर माणसे अधिक असू शकतात आणि वयाबरोबर अश्रू कमी होतात. ती दवाखान्यात अधिक वेळा जातात. त्यांनी डोळ्यांत औषधे घातलेली असू शकतात. म्हणून चांगल्या अभ्यासात दोन्ही गट वयाने व इतर बाबतींत शक्य तेवढे सारखे निवडतात आणि बोळा फिरवणाऱ्याचा हातही एकच ठेवतात.

आता काकांच्या कोरड्या डोळ्यांकडे परत येऊ. दीर्घकाळ रक्तातील साखर वाढलेली राहिली, की शरीरातील बारीक चेतातंतू हळूहळू खराब होतात. तळपायांना बधिरता येते, हे पुष्कळांना माहीत असते. पारपटलातील चेतातंतूंनाही तीच बाधा होते. पारपटल कमी संवेदनशील होते, मेंदूकडे निरोप कमी जातात आणि अश्रूही कमी येतात. मधुमेहात डोळे कोरडे पडण्याचे प्रमाण अधिक आढळते. म्हणजे मिरचीच्या पथारीवर काकांच्या डोळ्यांना पाणी येत नव्हते, ते सवयीमुळे असेल किंवा आजारामुळे. एकाच माणसाकडे पाहून या दोहोंत निवड करता येत नाही, हेही तुमच्या ध्यानात आले असेल.

येथे धुण्याचा हिशेब आठवा. प्रवाह निम्मा झाला, तर उरलेले जीवाणू सहापट. शिवाय वाढलेल्या साखरेमुळे जीवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, हेही ठाऊक आहे. तेव्हा त्या विद्यार्थिनीला मी जे उत्तर दिले ते असे: "तुझे आजोबा अर्धे बरोबर आहेत. साखरेचा यात हात आहे. पण ती जीवाणूंना जेवण घालते, यापेक्षा पहारेकऱ्यांना दुबळे करते, असे मानायला अधिक आधार आहे."

ती म्हणाली, "सर, मग साखर ताब्यात ठेवली तर पहारेकरी सावरतील?" माझ्या मनात काकांचाच विचार होता. वह्या तशाच ठेवून मी एका नेत्रतज्ज्ञ मित्राकडे गेलो.

शस्त्रक्रियेच्या वेळी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत पारपटलाच्या कडेला लहानशी चीर घेऊन गढूळ झालेले भिंग काढतात व त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. पृष्ठभागावरचे जीवाणू एरवी निरुपद्रवी. पण त्या चिरेतून आत गेले, तर तेथे अश्रू नाहीत, लायसोझाइम नाही, वाहते पाणी नाही. आतील जेलीसारख्या द्रवात ते वाढू लागले, तर डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. यालाच लोक "डोळा पिकला" म्हणतात.

हे जीवाणू कोठून येतात? १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर असा संसर्ग झालेल्या १७ रुग्णांचे जीवाणू तपासले गेले. डोळ्याच्या आतील जीवाणू आणि त्याच रुग्णाच्या पापण्यांवर, अस्तरावर किंवा नाकात सापडलेले जीवाणू यांची आनुवंशिक पातळीवर तुलना केली. १७ पैकी १४ जणांत दोन्ही एकच निघाले. याचा अर्थ, बहुतेक वेळा शत्रू बाहेरून येत नाही. तो आपलाच जुना पाहुणा असतो.

हे कळल्यामुळे उपायही सापडला. शस्त्रक्रियेआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन-आयोडिनचे द्रावण घालतात व काही मिनिटे थांबतात. तपकिरी रंगाच्या या स्वस्त औषधाने पृष्ठभागावरील जीवाणूंची संख्या एकदम घटते. साखर फार वाढलेली असेल, तर ती आधी आटोक्यात आणतात. एवढी काळजी घेतल्यावर असा संसर्ग हजारात एखाद्यालाच, किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. मधुमेह असला तर धोका थोडा वाढतो. पण मधुमेही माणसांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही बहुसंख्य वेळा यशस्वी होतात. उलट भीतीने बसून राहिले, तर दृष्टी जाणे निश्चित.

मित्राने सांगितले ते मी काकांना आकड्यांत सांगितले. मिरचीचे सौदे करण्यात हयात गेलेल्या माणसाला आकडे चांगले कळतात. ते म्हणाले, "हजार पोत्यांत एक खराब निघते, म्हणून कोणी व्यापार सोडतो का?" तीन महिने पथ्य, औषधे आणि रोज सकाळी चालणे झाले. साखर खाली आली. मग एका डोळ्याची आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया पार पडली. गल्लीतल्या ज्या गृहस्थांचा डोळा गेला होता, त्यांची साखर तेव्हा कोणी तपासलीच नव्हती, हे आम्हाला नंतर समजले.

हा प्रश्न एका काकांचा नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागातील १०.९ टक्के आणि ग्रामीण भागातील ६.५ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील निष्कर्षांनुसार देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. हा केवळ शहरातील सुखवस्तू लोकांचा आजार राहिलेला नाही. तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव येथील घरांतही तो पोचला आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, घरात कोणाला मधुमेह असेल, तर तीन गोष्टी तुम्ही करू शकता. वर्षातून एकदा त्यांचे डोळे, विशेषतः आतील दृष्टिपटल, तपासून घ्यायला त्यांना घेऊन जा. दृष्टिपटलाचा बिघाड सुरुवातीला काहीच दुखत नाही. डोळ्यात मध, एरंडेल किंवा झाडपाल्याचा रस घालू देऊ नका. त्यातून नवे पाहुणे आत जातात. आणि दुकानातून मनाने आणलेले थेंब वापरू देऊ नका. विनाकारण प्रतिजैविके घातली, की साधे जीवाणू मरतात व औषधाला दाद न देणारे मागे राहतात.

काका अजूनही पथारीवर जातात. परवा म्हणाले, "मिरचीचा रंग इतका लाल असतो, हे मी विसरलोच होतो."

करून पाहा

(डोळ्यातील किंवा अंगावरील जीवाणू शाळेत वाढवण्याचा प्रयत्न करू नका. त्यासाठी सुरक्षित प्रयोगशाळा लागते. पुढील प्रयोग मात्र निर्धोक आहे.)

एका चंचुपात्रात १०० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात शाईचे चार थेंब टाका. मोजपात्राने १६ मिलिलिटर पाणी काढून टाका, तेवढेच स्वच्छ पाणी घाला व ढवळा. हे एक "मिनिट" झाले. असे चार वेळा करा. दुसऱ्या चंचुपात्रात १०० मिलिलिटर पाण्यात शाईचे दोन थेंब टाकून दोन्ही रंग पांढऱ्या कागदावर ठेवून ताडून पाहा. मग हाच प्रयोग दर वेळी ८ मिलिलिटर पाणी बदलून करा. रंग निम्मा व्हायला किती "मिनिटे" लागतात?

विचार करा

१. झोपेत पापण्या मिटलेल्या असतात आणि अश्रूंचा प्रवाह बराच मंदावतो. सकाळी डोळ्यावर जीवाणू अधिक सापडतील की कमी?

२. मधुमेह व डोळ्यावरील जीवाणू यांचा अभ्यास तुम्हाला आपल्या तालुक्यात करायचा आहे. दोन गट निवडताना कोणकोणत्या बाबी सारख्या ठेवाल?

३. काकांचे कोरडे डोळे सवयीमुळे की आजारामुळे, हे ठरवण्यासाठी पथारीवर काम करणाऱ्यांचे कोणते दोन गट तुम्ही तपासाल?